‘इंजिन गेलं’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे, वय ५४. २०१८ साली एका चांगल्या हंगामानंतर मुंबईतील एका गृहस्थांकडून पोर्शे बॉक्सस्टर ही २००६ सालची दोन आसनी गाडी (२.७ लिटर, हाताने गिअर टाकायची) १९ लाखांना घेतली. इतक्या वर्षांत जेमतेम आठ हजार किलोमीटर फिरवली, एरवी बेदाण्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली. आज मीटर ४६ हजार दाखवतो. गेल्या महिन्यात साताऱ्याहून परतताना कासेगावजवळ इंजिनातून पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा आवाज सुरू झाला, दोन-तीन मिनिटांत ऑइलचा दिवा लागला आणि गाडी बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. आमच्या फिटरने तीन-चार वेळा स्टार्टर मारून पाहिला आणि ‘इंजिन गेलं’ असे सांगितले. तो म्हणतो, ट्रॅक्टरसारखे बांधू, तीन लाखांत होईल. पुण्यातील एक जाणकार गॅरेज चौदा लाख सांगते. मुंबईचा एक व्यापारी परदेशातून आलेले जुने इंजिन बसवून नऊ लाखांत देतो. एक जण आहे त्या अवस्थेत गाडी सहा लाखांना न्यायला तयार आहे. चालू स्थितीत तिला वीस लाख येतील असे सांगतात. नोंदणी सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. घरचे म्हणतात विकून टाका, माझे मन होत नाही. काय करावे?

उत्तर :

तुमच्या पत्रात किमतीचे सहा आकडे आहेत आणि इंजिनात काय मोडले याविषयी मात्र एकच शब्द आहे : ‘गेलं’. हा शब्द आपल्याकडच्या गॅरेजांत फार सढळ हाताने वापरला जातो. टायमिंगची साखळी, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्ह (झडपा) यांचा मेळ राखणारी साखळी, घसरली तरी इंजिन गेलेले असते, बेअरिंग जाम झाले तरी गेलेले असते, आणि क्वचित नुसता स्टार्टर अडकला तरी ते गेलेलेच असते. इंजिन उघडून पाहण्याआधी सांगितलेली रक्कम, मग ती तीन लाख असो की चौदा, ही सांगणाऱ्याच्या धाडसाची किंवा सावधपणाची किंमत असते. तुमच्या गाडीतील बिघाडाशी तिचा अजून संबंध आलेला नाही. त्यामुळे दुरुस्त करावे की विकावे याचे उत्तर आजच्या माहितीवर मी देणार नाही. आधी थोडे पैसे शोधावर खर्च करावे लागतील, ते कशावर आणि किती हे सांगतो, आणि त्यातून काय निघाले तर कोणता निर्णय घ्यावा तेही सांगतो.

त्याआधी एक विनंती. स्टार्टरला आता पुन्हा हात लावू नका आणि कोणाला लावूही देऊ नका. साखळी एखाद-दोन दात सरकली असेल, तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकाच वेळी एकाच जागी येतात आणि स्टार्टरच्या प्रत्येक फेऱ्याला जे वॉल्व्ह सरळ राहिले असतील तेही वाकण्याची शक्यता असते. फिटरने तीन-चार वेळा मारून पाहिला हे वाचून मी जरा हळहळलो, परंतु ट्रॅक्टर किंवा पंपाच्या इंजिनावर हात बसलेला माणूस दुसरे काय करणार? त्याला बोल लावू नका, त्याची गरज पुढे लागणार आहे.

आता या इंजिनाविषयी. बॉक्सस्टरचे इंजिन सीट आणि मागचा आस यांच्या मधोमध बसवलेले असते, त्यातले सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन बाजूंनी आडवे पसरलेले असतात. क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) गती थेट कॅमशाफ्टकडे (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे) जात नाही. मध्ये आणखी एक शाफ्ट आहे, क्रँक त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांच्या साहाय्याने दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतो. या मधल्या शाफ्टचे गिअरबॉक्सच्या बाजूचे टोक एका बंद बॉल बेअरिंगवर फिरते, आणि या इंजिनाची सारी बदनामी त्या एवढ्याशा बेअरिंगमुळे झालेली आहे. बेअरिंगच्या सीलमधून इंजिनाचे ऑइल आत शिरते, आतले ग्रीस धुऊन काढते आणि मग जुने, काळे, पेट्रोल आणि पाण्याचा अंश असलेले ऑइल तिथेच कोंडून राहते. गोळ्यांवर खड्डे पडतात, पिंजरा तुटतो, शाफ्ट आपली जागा सोडतो आणि साखळी घसरते. या बेअरिंगवरून अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीवर सामूहिक दावा केला होता आणि २०१३ साली, २००१ ते २००५ या काळात तयार झालेल्या गाड्यांपुरती, त्यात तडजोड झाली. त्या निमित्ताने जे आकडे पुढे आले त्यांत गोळ्यांच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगचे बिघडण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि त्याआधीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगचे १ टक्क्याहून कमी होते. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक गाड्या धडधाकट राहिल्या, हेही लक्षात ठेवावे. सगळ्याच गाड्या बाद आहेत अशी भीती घालणारे लोक तुम्हाला भेटतील.

तुम्ही ‘जेमतेम आठ हजार किलोमीटर फिरवली’ असे लिहिले आहे, त्यात गाडी जपल्याचा सूर आहे. नेमक्या या बेअरिंगच्या बाबतीत तो समज उलटा पडतो. रोज लांब पल्ल्यावर धावणाऱ्या गाडीचे ऑइल तापते, त्यातले पाणी उडून जाते आणि किलोमीटर भरले की ते बदललेही जाते. बेदाण्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या गाडीचे ऑइल मात्र किलोमीटर भरले नाहीत म्हणून दोन-दोन वर्षे तसेच राहते. तुमच्याकडे ऑइल बदलल्याच्या पावत्या असतील तर त्यांवरच्या तारखा पाहा. मला वाटते, उत्तराचा अर्धा भाग तिथेच सापडेल.

तरीही बेअरिंगच गेले असे मी गृहीत धरत नाही, कारण असाच आवाज करून बंद पडण्याची इतर कारणे आहेत आणि त्यांतली काही बरीच स्वस्त आहेत. ऑइलच्या वाफा वेगळ्या करणारा एक सेपरेटर या इंजिनावर असतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला की इंजिन ऑइल ओढून घेते, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि फारच ऑइल सिलिंडरमध्ये साचले तर इंजिन फिरेनासे होते. पाहणाऱ्याला वाटते सगळे संपले, आणि प्रत्यक्षात एक साधा सुटा भाग बदलून गाडी उभी राहू शकते. तुम्ही धुराचा उल्लेख केलेला नाही, त्यामुळे मी फार आशा दाखवत नाही; पण कासेगावला मागे धूर होता का, हे गाडी ओढून आणणाऱ्याला एकदा विचारा.

शोधाची पहिली पायरी फिल्टरची आहे आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. या इंजिनाचा ऑइल फिल्टर म्हणजे गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकच्या डब्यात बसणारी कागदी घड्यांची गुंडाळी असते. डबा सोडताना त्यातले ऑइल स्वच्छ बाटलीत घ्या, फिल्टर काढा, कागद धारदार पात्याने दोन्ही टोकांशी कापून मोकळा करा आणि पांढऱ्या धुतलेल्या कापडावर उन्हात पसरा. घडी न् घडी उलगडून पाहा. मग एक चांगला लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून सावकाश फिरवा. टाचणीच्या डोक्याएवढे चकचकीत तुकडे उडी मारून चुंबकाला चिकटले तर ते पोलाद आहे, आणि तुमच्या गाडीच्या आवाजाशी ताडून पाहता संशय सरळ त्या बेअरिंगवर जातो. चुंबकाला न चिकटणारी पांढुरकी चमक दिसली तर ते अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा सिलिंडरची भिंत. पिवळसर-तांबूस झाक असेल तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे. तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे मात्र एवढ्या वयाच्या इंजिनात सापडतात. साखळीखालच्या पट्ट्या झिजून ते येतात, केवळ तेवढ्याने घाबरायचे कारण नाही. हे पाहायला तुमच्या फिटरला सोबत घ्या. त्याला पोर्शे माहीत नसेल, पण धातूचा कीस तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ओळखेल.

त्यानंतर खालचे ऑइल चेंबर उतरवून तळाशी काय साचले आहे ते पाहावे, आणि सहाही प्लग काढून त्या भोकांतून बारीक कॅमेऱ्याची नळी आत घालून सिलिंडरच्या भिंती, पिस्टनची डोकी आणि वॉल्व्हच्या खुणा पाहाव्यात. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा ताजा ओरखडा दिसला तर वॉल्व्ह आपटला आहे असे समजावे. एवढे सगळे पुण्याच्या गॅरेजमध्ये, गाडी सपाट ट्रकवरून नेण्यासकट, साठ हजारांच्या आत व्हावे. त्याहून अधिक मागितले तर काय काय करणार ते लिहून मागा. विम्याच्या मागे वेळ घालवू नका. अपघाताशिवाय झालेला यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात बसत नाही.

धातू पोलादाचा निघाला तर दुसरी पायरी, म्हणजे गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवणे. तिथे एक लहानशी खूण आहे आणि ती तुमच्या खिशाच्या दृष्टीने मोलाची आहे. २००५-०६ च्या सुमारास कारखान्याने हे बेअरिंग आकाराने मोठे केले, त्यामुळे २००६ साली नोंदवलेल्या गाडीत कोणते असेल ते आरसी पुस्तकावरून कळत नाही. बेअरिंगच्या झाकणाच्या मध्यभागी असलेला नट १३ मिलिमीटरच्या पान्याचा असेल तर बेअरिंग जुने, लहान. २२ मिलिमीटरच्या पान्याचा असेल तर नवे, मोठे. मोठे बेअरिंग अधिक टिकाऊ आहे, पण ते क्रँककेसच्या (क्रँक ज्यात बसतो त्या इंजिनाच्या कवचाच्या) तोंडातून बाहेर येतच नाही, त्यासाठी इंजिन दुभंगावेच लागते. लहान बेअरिंग क्रँककेस न उघडता बदलता येते, परंतु ते फुटण्याच्या आधी बदलले तरच त्यात अर्थ आहे. पोलादाचा कीस एकदा ऑइलबरोबर इंजिनभर फिरला की नुसते बेअरिंग बदलून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा.

हे मी स्वतःचे हात पोळलेले असल्यामुळे ठामपणे लिहितो. १९९७ साली साताऱ्यात माझ्या कॉन्टेसाच्या एका कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले. क्रँक ग्राइंड केला, नवी बेअरिंगे टाकली, चेंबर डिझेलने धुतले आणि चार दिवसांत गाडी रस्त्यावर आली याचे मला मोठे कौतुक वाटले. क्रँकच्या आतून जाणाऱ्या ऑइलच्या भोकांत कीस तसाच बसला होता. सहाशे किलोमीटरनंतर खंबाटकी घाटात तोच ठोका पुन्हा ऐकू आला आणि सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. तो तर साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा प्रकार होता. तुमच्या इंजिनात ऑइल कूलर आहे, ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत, साखळीचे टेन्शनर आहेत, कॅमची वेळ बदलणारी यंत्रणा आहे, आणि कीस या प्रत्येक ठिकाणी जाऊन बसतो. यातले काही धुऊन घेता येते, काही सरळ बदलावे लागते. चौदा लाखांच्या आकड्यात हे सर्व धरले आहे का, हे पुण्याच्या गॅरेजला विचारायचा पहिला प्रश्न आहे.

आता तुमच्या फिटरच्या तीन लाखांविषयी. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ओतकाम आणि यंत्रकाम करणारे हात आहेत याचा मला अभिमान आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या मातीला लोखंड कळते. पण अडचण नेमकी लोखंड या शब्दातच आहे. ट्रॅक्टरचा बोअर बिडाचा असतो. तो झिजला की बोअर मारायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे किंवा नवा लायनर ठोकायचा, ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि ती तिथे बरोबर आहे. बॉक्सस्टरचा सिलिंडर बिडाचा नाही. अॅल्युमिनियमच्या ओतीवात सिलिकॉनचे कठीण कण गुंफलेले असतात, शेवटच्या प्रक्रियेत त्यांच्याभोवतीचे मऊ अॅल्युमिनियम किंचित मागे सारून ते कण उघडे ठेवले जातात, आणि लोहाचा मुलामा दिलेला पिस्टन त्या कणांवरून घसरतो. नेहमीचा होनिंगचा (बोअर घासून साफ करण्याचा) दगड त्या भिंतीवर फिरवला की कण उखडतात किंवा पिचतात आणि वर चकाकणारी पण आतून बिघडलेली भिंत तयार होते. ती काही महिने चालेलही. मग पिस्टन आणि भिंत एकमेकांना ओरबाडू लागतात, इंजिन ऑइल पिऊ लागते आणि एका बाजूने टकटक सुरू होते. भिंती खराब निघाल्याच तर या इंजिनांत निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियमचे नवे स्लीव्ह बसवतात, आणि ते काम करणाऱ्याने आधी अशी इंजिने केलेली असावीत. तुमच्या फिटरचे तीन लाख हे अज्ञानातून आलेले असले तरी त्यात खोटेपणा नाही. पण ते पैसे पाण्यात जातील.

जुन्या इंजिनाचा पर्याय मला त्याहून अधिक फसवा वाटतो, कारण तो मध्यम मार्गासारखा दिसतो. नऊ लाखांत तुम्ही काय घेणार? त्याच घराण्यातले, तेवढ्याच वयाचे, कुठल्या तरी अपघातग्रस्त गाडीतून काढलेले इंजिन, ज्याच्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग कोणी पाहिलेले नाही. ते टाकण्यापूर्वी निदान त्याचा फिल्टर कापून आणि सिलिंडर कॅमेऱ्याने पाहून घ्यायला हवेत, आणि व्यापारी त्याला तयार नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. शिवाय इंजिनाचा प्रकार जुळायला हवा. २००७ च्या मॉडेलपासून २.७ लिटरच्या इंजिनात वॉल्व्हची उचल बदलणारी यंत्रणा आली आणि शक्ती २४० वरून २४५ पीएस (अश्वशक्ती) झाली. ते इंजिन तुमच्या २००६ च्या गाडीच्या संगणकाला तसेच जोडून चालणार नाही. ‘बॉक्सस्टरचेच आहे साहेब’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, क्रँककेसवर कोरलेला इंजिनाचा प्रकार आणि क्रमांक यांचे छायाचित्र मागा. तो क्रमांक आणखी एका कारणासाठी लागेल : इंजिन बदलल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करावी लागते. गाडीचा क्रमांक मुंबईचा असला, तरी मालकी तुमच्या नावावर होताना ती सांगलीच्या परिवहन कार्यालयाच्या दप्तरी आली असेल; तिथे इंजिन कोठून आले याचे कागद मागितले जातील. आयातीची सीमाशुल्काची कागदपत्रे आणि जीएसटीचे बिल नसलेले इंजिन पुढे गाडी विकताना तुमच्या गळ्यात अडकेल.

मग हिशेब. आज गाडी जशी आहे तशी सहा लाखांना जाते. चौदा लाख घालून ती वीस लाखांची होते. वीसातून चौदा वजा केले तर सहाच उरतात, म्हणजे दुरुस्त करून विकण्यात एक रुपयाही मिळत नाही. उलट चार-सहा महिने जातात, आणि इंजिन खाली उतरवलेच आहे तर क्लच, मागचे ऑइल सील, पाण्याचा पंप, इंजिनाची माउंटिंग, तो सेपरेटर हे सारे बदलून घेणेच शहाणपणाचे असल्यामुळे चौदाचे सोळा होतात. तेव्हा ‘दुरुस्त करू, मग बघू विकायचे का’ हा विचार डोक्यातून काढून टाका. दुरुस्ती करायची तर गाडी ठेवण्यासाठीच करायची. तुम्ही दिलेले १९ लाख या हिशेबात कोठेच येत नाहीत. ते २०१८ साली खर्च झाले आणि त्याचा उपभोगही तुम्ही घेतला.

ठेवण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सहा लाख सोडून देणे आणि चौदा ते सोळा लाख घालणे, म्हणजे वीस-बावीस लाख रुपये देऊन तुम्ही एक वीस वर्षांची बॉक्सस्टर विकत घेत आहात असे समजा. हातात तेवढी रक्कम असती आणि दारात गाडी नसती, तर घेतली असती का? इथे एक बाब गाडीच्या बाजूने सांगितली पाहिजे. बाजारात वीस लाखांना मिळणाऱ्या दुसऱ्या बॉक्सस्टरच्या बेअरिंगची अवस्था तुम्हाला कधीच ठाऊक नसेल, आणि नीट बांधलेल्या तुमच्या इंजिनात प्रत्येक भाग कधी, कोणी आणि कोणता बसवला याची छायाचित्रे व बिले तुमच्याकडे असतील. ज्याला ही गाडी खरोखर चालवायची आहे त्याच्यासाठी या फरकाला किंमत आहे. पण शेडमध्ये झाकून ठेवायची असेल, तर ती किंमत शून्य आहे आणि नवे बेअरिंगही पुन्हा त्याच रोगाकडे जाईल.

नोंदणीचा खर्च तुमच्या पत्रात नाही, तो धरायला हवा. दिल्लीत होते तशी महाराष्ट्रात जुनी पेट्रोल गाडी केवळ वयामुळे बंद होत नाही, पण तुम्ही २०२१ मध्ये नूतनीकरण केले त्यानंतर शुल्क बरेच वाढले आहे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील आयात चारचाकीला ४०,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षे ओलांडलेल्या आयात चारचाकीला ८०,००० रुपये आहेत. तुमची गाडी सप्टेंबरमध्ये वीस वर्षांची होते. त्या वेळी ती तपासणीसाठी कार्यालयात उभी करावी लागेल, तीही स्वतःच्या इंजिनावर. सुटे भाग बाहेरून येणार, त्यांना उशीर होणार, आणि जानेवारी ते एप्रिल तुम्ही द्राक्षाच्या काढणीत आणि बेदाण्यात बुडालेले असणार; तेव्हा शोधाचे काम आत्ताच, काढणी सुरू होण्याआधी उरकून घेणे बरे.

माझा निर्णय विचाराल तर तो असा. तपासणीत क्रँककेस शाबूत निघाली, क्रँकवर खोल ओरखडे नसले, सिलिंडरच्या भिंती चांगल्या असल्या आणि नुकसान बेअरिंग, साखळ्या व वॉल्व्ह एवढ्यापुरते असले, तर पुण्याच्या गॅरेजकडून इंजिन पूर्ण बांधून घ्यावे. मात्र प्रत्येक भागाची वेगळी किंमत लिहिलेले अंदाजपत्रक घेऊन, इंजिन उतरवून खोलण्याची मजुरी एकूण रकमेतून वजा होईल असे ठरवून, आणि सोळा लाखांची वरची मर्यादा कागदावर घालूनच. क्रँककेसला भोक पडले असेल, किंवा दोनपेक्षा अधिक सिलिंडर गेले असतील, तर सहा लाखांच्या गिऱ्हाइकाला फोन करावा आणि त्याला तपासणीची छायाचित्रे मोकळेपणाने दाखवावीत; अंधारात घेणारा माणूस जोखमीसाठी किंमत पाडतो, माहिती असलेल्याकडून तुम्हाला थोडे अधिकही मिळू शकेल. या दोन्हींच्या मधले काही निघाले तर मला विकण्याकडे झुकते माप द्यावेसे वाटते, कारण वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीवर सोळा लाख घालणे मला पटत नाही. कर्ज काढून तर हे काम कोणत्याही परिस्थितीत करू नये. द्राक्षाच्या पुढच्या हंगामाच्या भरवशावर औषधे-खते घ्यावीत, पिस्टन घेऊ नयेत.

गाडी ठेवायचे ठरलेच तर बांधलेल्या इंजिनाचे ऑइल पहिल्या हजार किलोमीटरच्या आत बदलून तो फिल्टरही कापून पाहावा, पुढे किलोमीटर कितीही झाले असले तरी दर सहा महिन्यांनी बदलावे, आणि महिन्यातून निदान दोनदा तासगावहून मिरजेपर्यंत पाऊण तास ती नीट तापेपर्यंत चालवावी. टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते, त्यातले काही आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या उसाचे असेल, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि २००६ साली बसवलेल्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इंजिन बाहेर असतानाच इंधनाच्या नळ्या बदलून घेणे स्वस्त पडेल.

गाडी पुण्याला जाईपर्यंत बॅटरीची ऋण तार काढून ठेवा आणि गाडी बेदाण्याच्या शेडमधून दुसरीकडे हलवा. गोड वासाला उंदीर येतात, आणि सीटमागच्या पोकळीत इंजिनाची जी वायरिंग आहे ती कुरतडली गेली तर तिचा खर्च वरच्या सहाही आकड्यांत कोणी धरलेला नाही.